लेकीच्या घरचा दाणा

नंदुरबारला आबांना घेऊन मी राहिले ती खोली रंगरेजांच्या आळीत होती. दार उघडलं की समोर गटार, आणि गटारात रोज वेगळ्या रंगाचं पाणी. एखाद्या सकाळी ते कुंकवासारखं लाल वाहायचं, दुपारपर्यंत जांभळं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी डोळे चोळत बाहेर यावं तर हिरवंगार. तिथे वार-तिथी माझ्या कधी ध्यानात राहिली नाही. आजही ते दोन महिने मला रंगांनीच आठवतात. आबांना पहिल्यांदा भिंतीला टेकवून बसवलं तो निळा दिवस होता, हकीमसाहेब रागावले तो पिवळा.

आबा म्हणजे माझे वडील. माझं माहेरचं गाव प्रकाशा तीर्थाजवळ, तापीच्या पलीकडच्या काठाला, काळ्या जमिनीचं. त्या वर्षी आबांना संग्रहणी लागली. खाल्लेलं अंगी लागेना, पाण्यासारखं निघून जाई. दाराच्या चौकटीत वाकून शिरणारा हा माणूस, पण गाडीतून नंदुरबारला आणला तेव्हा गोधडीखाली कोणी आहे की नाही ते चाचपून पाहावं लागत होतं. नंदुरबारचे एक म्हातारे हकीमसाहेब या रोगावर औषध देत. त्यांनी नाडी पाहिली आणि सांगितलं, दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर ठेवा, नाहीतर आत्ताच परत न्या.

मग आबांजवळ राहायचं कोणी? आई जाऊन बरीच वर्षं झालेली. भाऊ शेतात अडकलेला, वहिनी बाळंतीण. ‘तिले काय, ती ते मोकळीच शे,’ असं आत्या म्हणाली. माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पदरात मूल नव्हतं. अशा बाईला आमच्यात मोकळी म्हणतात. मला राग आला आणि त्याच रागात मी दोन लुगडी गाठोड्यात कोंबली. रागात माझे हात फार भराभर चालतात.

अडचण वेगळीच होती, आणि ती आबांच्या रोगाहून जुनी होती. आमच्या लोकांत लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. लेकीचं खाल्लं तर ते पुढच्या जन्मी फेडावं लागतं असं म्हणतात. मूल झालं की बंदी सुटते, नातवाच्या घरी आजा पोटभर जेवतो. माझं सासर तापीच्या अलीकडे, नंदुरबारपासून गाडीवाटेनं तीन-चार कोसांवर. सात वर्षांत आबा तिथे कितीदा तरी आले. दर वेळी तांब्या स्वतःचा, भाकर फडक्यात बांधलेली, आणि जेवण गावाबाहेर मारुतीच्या पारावर. पाहुणा दारात येई आणि कोरडाच परत जाई. तो गेला की सासूबाई मला ऐकवायच्या, ‘तुना बाप आमना घरना पानीनी वाट देखी ऱ्हायना.’ जसं काही मीच ते पाणी अडवून धरलं होतं.

म्हणून नंदुरबारची खोली आबांच्या नावानं घेतली. तवा, परात, माठ, इतकंच काय मीठसुद्धा त्यांच्या घरून आलं. ज्वारीचं लहान पोतं भाऊ दर बारा-पंधरा दिवसांनी नावेतून नदी ओलांडून आणायचा. पावसाळी हवेत दाणा दमट होतो, म्हणून एकदम जास्त ठेवायचा नाही.

पहिल्याच दिवशी खाटेवर पडल्या पडल्या आबांनी मला बजावलं, “ध्यानमा ठेव बाई. आठे मी तुना घरमा नही, तू मन्हा घरमा शे.”

मी हो म्हटलं. माणूस मरायला टेकलाय आणि याला घर कोणाचं ते पडलंय, असं मनात आलं, पण बोलले नाही.

ते किती ठाम होते हे मला आठवड्याभरातच कळलं. हकीमसाहेबांचं पथ्य दोनच गोष्टींचं होतं, वर्षभर मुरलेल्या जुन्या ज्वारीच्या पातळ कण्या आणि ताजं ताक. हे कळल्यावर माझे यजमान भल्या पहाटे निघून आमच्या घरच्या म्हशीचं ताक घेऊन चालत आले. मी वाटी भरून आबांच्या तोंडाशी नेली. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, “कोनं शे?” मी खरं सांगितलं. त्यांनी ओठ मिटले, भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत काही म्हणता काही घेतलं नाही. त्या दिवशी त्यांना बोट उचलायची ताकद नव्हती, तरी ओठ मात्र असे मिटले होते की चमचा जाईना. ताक शेवटी घरमालकिणीच्या शेळ्या प्यायल्या. यजमान बिचारे रिकामी बरणी घेऊन परत गेले, आणि पुढे ताक आबांच्याच पैशानं गवळ्याकडून येऊ लागलं.

घरमालकीण म्हणजे रंगरेजांच्या घरातली म्हातारी. तिला सगळी आळी खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणू लागले. तिचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे-तांबडे झाले होते. ती आमच्या उंबऱ्याशी येऊन बसे, पण आत पाय टाकत नसे. आमचं सोवळं-ओवळं तिनं न सांगता ओळखलं होतं. मला त्याची लाज वाटायची आणि लाज वाटते हेही बोलता यायचं नाही. ती बाहेरून विचारायची, “आज कितनी बार उठे?” आणि मी आतून आकडा सांगायची. आबांच्या पोटाची खबर हकीमसाहेबांच्या आधी खालाला असे.

दिवस सगळे सारखेच जात. सकाळी आबांना पुसायचं, धोतर बदलायचं, मळलेलं आळीच्या टोकाच्या विहिरीवर नेऊन धुवायचं. मग ज्वारी जाडसर भरडायची, कण्या शिजायला टाकायच्या, हकीमसाहेबांकडून पुडी आणायची. भरवताना एका हातानं मान धरायची, दुसऱ्या हातानं चमचा. चार घासांत आबा दमत. घाम यायचा, मग पंखा. पहिल्या पहिल्यांदा मी धोतर बदलायला लागले की ते डोळे घट्ट मिटून घेत आणि मीही दुसरीकडे बघत बघतच सगळं करायची. पंधरा दिवसांनी दोघांनीही ते सोडून दिलं. लाजायलाही अंगात बळ लागतं, आणि ते आमच्या दोघांत कुणाजवळच उरलं नव्हतं.

दुपार मात्र माझी असायची. श्रावणातला पाऊस थांबून ऊन पडलं की आळीत एकच धांदल उडे. उघडीप किती वेळ टिकेल याचा भरवसा नसे. दोघं दोघं रंगरेज ओलं पागोटं दोन टोकांना धरून आळीत उभे राहत आणि ते हवेत हलवत राहत, वर-खाली, वर-खाली, सुकेपर्यंत. आमच्या दारासमोरून ते लांबलचक कापड जायचं आणि त्याच्यातून गाळून आलेलं ऊन खोलीत पडायचं. आबांचा चेहरा गुलाबी व्हायचा, मग फिका, मग पुन्हा गुलाबी. मी खाटेच्या पायाशी बसलेली असायची. डोळा लागला का उघडा आहे तेच कळत नसे. आपण कुठल्या गावात आहोत, माहेरी की सासरी, की लग्नच झालेलं नाही, असं काहीतरी सरमिसळ व्हायचं. खरं सांगते, आबा इतके आजारी असताना मला तिथे सुख वाटायचं. मला कोणी काही विचारत नव्हतं.

आबाही त्याच गुंगीत असत. “बैल सोड, ऊन चढनं,” असं म्हणत. मी म्हणे, सोडले. “पानी दखाडं का त्यास्ले?” दाखवलं. मग ते समाधानानं झोपत. कितीतरी दुपारी मी असे नसलेले बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, चारा टाकला.

महिना झाला तेव्हा आबा टेकून बसू लागले होते. आणि भाद्रपदात तापी चढली. नंदुरबारला आम्हाला नदी दिसत नव्हती, बाजारात येणारे गाडीवाले सांगत तेवढीच. दोन्ही थड्या भरल्या, नाव बंद, पलीकडचं माणूस अलीकडे नाही. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. भावाची पाळी येऊन टळली. मी मडक्यात हात घालून रोज दाणे चाचपायची. मग मडक्याचा तळ लागला.

आबांना विचारून मी बाजारातून ज्वारी आणली. दुकानदारानं ती जुनी म्हणून शपथेवर दिली होती. दोन दिवसांत आबांचं पोट पुन्हा सुरू झालं, पहिल्याहून वाईट. महिनाभर मी चमच्या-चमच्यानं भरवलेलं सगळं दोन दिवसांत वाहून गेलं. हकीमसाहेब स्वतः खोलीवर आले. त्यांनी मूठभर ज्वारी हातात घेतली, एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकून टाकला.

“बेटी, यह तो नया दाना है. पुराना मिले तो खिलाना, नहीं तो घर ले जाने की तैयारी करो.”

घरी नेण्याचा अर्थ मला कळला. गटारात त्या दिवशी हळदीसारखं पिवळं पाणी वाहत होतं आणि मी त्याच्याकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी यजमान आले. डोक्यावर पोतं, त्यावर घोंगडी, गुडघ्यापर्यंत चिखल. बाजारात कोणाकडून तरी त्यांना सगळं कळलं होतं. आमच्या कणगीतली मागल्या सालची ज्वारी होती ती. पोतं त्यांनी उंबऱ्याबाहेरच टेकवलं आणि हळूच म्हणाले, “मामास्ले सांगू नको.” मामा म्हणजे आबा, जावई सासऱ्याला तसंच म्हणतो. एवढं बोलून ते पाणीही न पिता परत फिरले. आबा आत झोपले होते.

मी माहेरचं रिकामं पोतं बाहेर आणलं आणि सासरची ज्वारी त्यात ओतू लागले. दाण्यांचा आवाज होऊ नये म्हणून पदर मध्ये धरला होता. मान वर केली तर समोर खाला उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं.

“मैंने कुछ नहीं देखा,” असं म्हणून ती तिच्या रंगाच्या कढईकडे गेली.

त्या दुपारी कण्यांचा पहिला चमचा आबांच्या तोंडात गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी तो घास बराच वेळ तोंडात धरला. 

“नदी उतरनी का?” त्यांनी विचारलं.

“थोडी उतरनी. भाऊनी जवारी धाडी. एक मानूस लई उना.”

“कोन मानूस?”

“तुम्ही नही वळखत.”

“हं,” आबा म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं. त्या दिवशी वाटी संपली.

मी जन्मात आबांशी खोटं बोलले नव्हते. भांडले होते, उलट बोलले होते, पण खोटं नाही. आणि बोलले तेही असं की ज्यानं त्यांचा पुढचा जन्म बुडेल. मी स्वतःला समजावायची, पाप लागायचं तर मला लागेल, त्यांना ठाऊकच नाही. लगेच वाटायचं, देणं काय ठाऊक असलं तरच चढतं का? आणि कळलं तर ते ओठ पुन्हा मिटतील, या वेळी उघडायचे नाहीत, याची तर खातरीच होती. रोज ते विचारत, नदी उतरली का, आणि मी रोज ती थोडी थोडी उतरवत असे. माझ्या हिशेबानं एव्हाना तापी पार आटायला हवी होती.

पण आबांना गुण येत होता. गालावर मांस दिसू लागलं. ते माझ्या खांद्याला धरून दारापर्यंत येत आणि खालाशी बोलत बसत. तिला ते बहीण म्हणू लागले. ही रंगीत गटारं पाहून त्यांना मजा वाटे. “हाऊ पानी वावरमा सोडा ते लाल जवारी येई का वं बहीन?” असं विचारून ते स्वतःच हसत.

एका दुपारी असंच गुलाबी ऊन खोलीत हलत होतं. आबा शांत झोपले होते, छाती सावकाश वर-खाली होत होती. मला एकाएकी राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून हळूच बोलले, “आबा, ही जवारी मन्हा घरनी शे. मी खोटं बोलनी.” ते हलले नाहीत. बोलून टाकल्यावर मला हलकं वाटलं, तेवढ्यापुरतं. बाहेर कापड सुकलं असावं, कारण ऊन पुन्हा पांढरं झालं.

पुढच्या आठवड्यात हकीमसाहेबांनी सांगितलं, चार दिवसांनी घरी न्या, आता हा माणूस चालत्या पायांनी जातोय. आणि त्याच संध्याकाळी भाऊ गाडी घेऊन दारात उभा राहिला. खाली उतरता उतरताच तो रडवेला होऊन बोलू लागला.

“वीस दिन नावच नही चालनी आबा. मी एक दाना धाडू नही शकनू. काय खादं तुम्ही?”

मी चुलीपाशी होते. पळी हातात तशीच राहिली. आता सगळं संपलं असं मला वाटलं. आबा मात्र शांतपणे भावाकडे पाहत होते.

“जे व्हतं ते खादं,” ते म्हणाले.

भावानं गाडीतून नवं पोतं काढलं आणि आत आणायला लागला. आबांनी हात वर केला.

“ऱ्हाऊ दे गाडीमा. आठे आजून शे.”

मी पळी खाली ठेवली. त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते विचारायची माझी छाती झाली नाही. पुढचे चार दिवस आमच्या घरच्या ज्वारीच्या कण्या ते मुकाट्यानं, वाटी चाटून खात राहिले आणि माझ्याशी कामापुरतंच बोलले. दाराशी बसून नुसते दूर बघायचे. हा राग आहे की दुसरं काही, मला कळेना. मला वाटलं, खाऊन तर झालंच, आता घरी गेल्यावर ते मला लेक म्हणणार नाहीत.

निघायच्या सकाळी खाला वेशीपर्यंत आली. तिनं माझ्या गाठोड्यावर एक केशरी फडकं ठेवलं आणि वळली. गाडी चिखलातून हळूहळू चालली. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी झाली होती, धुक्यात तिचे शेंडे तेवढे दिसत होते. आबा गोधडीला टेकून बसले होते. वाटेत मला सासरी उतरवायचं आणि आबांना घेऊन भावानं नदीकडे जायचं, असं ठरलं होतं.

आमच्या दारासमोर गाडी थांबली. मी उतरले, वाकून आबांच्या पायाला हात लावला. पाहते तर ते गाडीच्या दांडीला धरून खाली उतरत होते. भावानं हात दिला. ते चार पावलं चालले आणि आमच्या ओट्यावर जाऊन बसले. सात वर्षांत त्या ओट्यावर ते कधी बसले नव्हते.

“बाई, पानी आन,” ते म्हणाले.

शेजारच्या दोन बाया हातातलं काम टाकून बघत राहिल्या. यजमान गोठ्यातून आले ते तिथेच थबकले. सासूबाई दाराआड होत्या. विहिणीनं व्याह्याशी समोरासमोर बोलायचं नाही, म्हणून त्या आपल्या मुलाला उद्देशून बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“त्यास्ले सांग, आठे आजून पोर व्हयनं नही. रीत मोडाई जाई.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आबांनी धाप जाऊ दिली. मग तेही जावयालाच उद्देशून बोलले.

“तुन्ही मायले सांग, माले रीत म्हाईत शे. तुमना घरनी जवारी मी पहिलाच घासले वळखी. मुरमनी जवारी, आमनीथून गोड शे. तरी खादी. दोन महिना ह्या आंडेरनी, मन्ही लेकनी, माले न्हावाडं, खवाडं, मन्हं हगनं-मुतनं काढं. पोरनं याथून जास्ती काय करतस? पोर व्हयनं तिले. म्हातारं व्हयनं, दात पडेल व्हयनं, पन व्हयनं.”

 मी अजून गाडीपाशीच उभी होते. मग दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, या वेळी माझ्यासाठी, आणि नेहमीच्याच तिखट सुरात.

“उभी काबर ऱ्हायनी? कोरडं पानी देतस का कोनी? पहिले गूळ दे त्यास्ले.”

आबांनी गूळ खाल्ला, तांब्याभर पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि गाडीत जाऊन बसले. मी आत जाऊन कणगीला धरून रडले. माझ्या वाटणीचं शेण त्या दिवशी सासूबाईंनीच उचललं.

त्यानंतर आबा चार वर्षं जगले. दर वर्षी सुगी झाली की येत, ओट्यावर बसत आणि जेवूनच जात. मला पुढेही मूल झालं नाही. नवस झाले, अंगारे झाले, मग तेही थांबलं. आता मी म्हातारी झाले आहे, पण बायका अजून विचारतात, पोरंबाळं किती? मी सांगते, एक होतं. फार हट्टी होतं.